'जगातलं पहिलं इस्पितळ इराणात' : जरा दमानं घ्या

चिमटा : 'इराणी_चहा' यांची कालची पोस्ट वाचली. म्हणे जगातलं पहिलं इस्पितळ इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजांनी नैर्ऋत्य इराणातल्या गुंदेशापूरला काढलं, अरबांनी ते जाळलं आणि वर श्रेयही लाटलं. खाली टाळ्यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

शहर अरबांच्या हाती गेलं 638 साली. आणि 765 मध्ये खलिफा मन्सूर आजारी पडला तेव्हा बगदादहून बोलावणं गेलं ते गुंदेशापूरच्याच वैद्य जुर्जिस इब्न बुख्तीशूला. राखेतून उठून आला का हा? पुढे त्याच्या घराण्यानं पिढ्यान्पिढ्या खलिफांच्या नाड्या बघितल्या. 'पहिलं' म्हणाल, तर बिशप बेसिलनं कैसरियात (आजच्या तुर्कस्तानात) आजाऱ्यांची सोय 370 च्या आसपासच केली होती. गुंदेशापूरच्या भव्यतेची वर्णनं इब्न अल-किफ्तीसारख्या चरित्रकारांची, तेराव्या शतकातली. सासानी राजा खुस्रो अनुशिरवान जाऊन तेव्हा साडेसहाशे वर्षं उलटली होती!

इराणी_चहा : बरं, 'जाळलं' खोडा, झोप लागेल तुम्हाला. पण जुर्जिसचा किस्सा रंगवून सांगणारा तरी कोण? तोच किफ्ती. तुमच्या कामाचा असला की साक्षीदार, आमच्या कामाचा असला की गप्पिष्ट! नामांकित वैद्य अल-राझी कुठला? इराणातल्या रय्यचा. आधी तिथलं इस्पितळ सांभाळलं, मग बगदादचं. देवी आणि गोवर वेगळे ओळखायचे कसे, ते त्यानं लिहिलं. बगदादचं अदुदी इस्पितळ काढणारा अदुद अद-दौलाही इराणी, बुवायही घराण्यातला राजा.

दवंडी : दोघंही विसरताय. अनुशिरवानचा वैद्य बुर्झोय भारतात येऊन पंचतंत्र घेऊन गेला. वैद्यक काय इथेच ठेवून गेला असेल?

चिमटा : आलात का! वैद्य अली इब्न रब्बान तबरीनं 850 च्या सुमारास आपल्या वैद्यकग्रंथात भारतीय वैद्यकावर स्वतंत्र भाग लिहिला, चरक-सुश्रुतांच्या नावासकट. मान्य. बाकीचा ग्रंथ मात्र ग्रीकांच्या वळणाचा. आणि पोथी नेली म्हणून इस्पितळ चालत नाही. वैद्याचा पगार, औषधं, रोग्याचं जेवण कोण देणार? तिथे ते वक्फच्या, म्हणजे धर्मादाय दान दिलेल्या मालमत्तेच्या, उत्पन्नातून निघायचं. इराणातल्या तब्रीझला वझीर रशीदुद्दीननं आपल्या वसाहतीच्या 1309 च्या वक्फनाम्यात अशी सगळी तजवीज लिहून ठेवली. 1318 ला त्याला देहदंड दिला आणि वसाहत लुटली गेली.

रानवाटा : राजे-वझीर पुरे झाले. इराणचं खरं कौतुक खेड्यातल्या आरोग्यघराचं. साधारण दीड हजार वस्तीमागे एक. गावातलीच मुलगी किंवा मुलगा निवडायचा, दोन वर्षं शिकवायचं आणि त्याच गावात कायम नोकरी द्यायची. त्यांना बहवर्ज म्हणतात. भिंतीवर एक गोल तक्ता असतो, त्यात वर्षभरातले गावचे जन्म-मृत्यू भरलेले. 1979 च्या क्रांतीनंतर हे देशभर पसरलं.
माझी वहिनी आपल्याकडची आशा सेविका आहे. रात्री दीडला बाळंतिणीसोबत जीपमधून जायचं, सकाळी मोबाइलवर माहिती भरायची, आणि मानधन कधी येईल ते देव जाणे. पगार नव्हे, मानधन!

इराणी_चहा : क्रांतीला श्रेय देऊ नका. प्रयोग शाहच्याच काळातला, सत्तरच्या दशकात इराणच्याच पश्चिम अझरबैजान प्रांतात झालेला.

रानवाटा : प्रयोग कुणाचा ते राहू द्या, देशभर नेला कुणी? 1980 नंतर, तेही इराकशी युद्ध चालू असताना! आपल्याकडे आरोळे दांपत्यानं जामखेडला 1970 पासून गावातल्या बायकांना तयार केलं. सरकारला आशा योजना सुचायला 2005 उजाडलं.

दवंडी : म्हणजे बघा, जामखेड आधी. इराणनं आपलंच उचललं.

रानवाटा : अहो दवंडीसाहेब, कोण काय उचलतंय! माझ्या वहिनीला बहवर्जसारखा महिन्याचा महिना पगार द्या, मग बुर्झोयनं चरकाला पाठीवर बसवून नेलं म्हणालात तरी सही करते.

चिमटा : धागा गुंदेशापूरचा होता, ही फक्त आठवण.

इराणी_चहा : तुम्हीच बगदादला नेलात.