टीव्ही आणि जुने होम थिएटर जोडायचे आहे, केबल कोणती घेऊ?

नमस्कार मंडळी,

घरात नवा ४के टीव्ही आला आहे. होम थिएटर मात्र जुनेच: डीव्हीडी प्लेअर पोटातच असलेला ५.१ संच, पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर. आवाज अजून खणखणीत आहे, त्यामुळे तो काढून साउंडबार आणायची इच्छा नाही. आधीच्या टीव्हीला लाल-पांढऱ्या पिनांची वायर लावून काम भागत होते. नव्या टीव्हीला ती भोकेच नाहीत.

टीव्हीच्या मागे तीन एचडीएमआय आहेत (एकावर ईएआरसी/एआरसी लिहिले आहे), शिवाय ऑप्टिकल आउट आणि हेडफोनचे भोक. थिएटरच्या मागे एचडीएमआय आउट, ऑप्टिकल इन, लाल-पांढरे ऑक्स इन आणि पिवळे व्हिडिओ आउट. टीव्ही भिंतीवर, थिएटर खालच्या कपाटात. केसिंग पट्टीतून फिरवली तर साधारण तीन मीटर वायर लागेल.

माझा गोंधळ असा, की दोन्हीकडे एचडीएमआय आहे खरे, पण थिएटरचे भोक 'आउट' आहे. मग टीव्हीचा आवाज त्यातून थिएटरमध्ये जाणार कसा? ऑप्टिकल घेतली तर ५.१ मिळेल की नुसता स्टिरिओ? दुकानात एकाच लांबीच्या एचडीएमआय केबलींच्या किमतींत काहीच्या काही फरक दिसतो, महागडीने आवाज खरेच सुधारतो का? आणि मागचे दोन स्पीकर सोफ्याच्या मागे न्यायचेत, आताची वायर तिथवर पोचत नाही. ती जोडून लांब केली तर चालेल का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तारेवरची_कसरत:
ऑप्टिकल घ्या आणि मोकळे व्हा. दोन्हीकडे भोक आहे, आणखी काय हवे? लावण्याआधी टोकांवरची पारदर्शक टोपणे तेवढी काढा. ती काढायचीच राहतात आणि लोक टीव्हीला शिव्या घालत बसतात.

सोनेरी_पिन:
माझे मत, एकदाच काय ती चांगली घ्या. सोन्याचा मुलामा असलेली, ८के लिहिलेली. पुढे टीव्ही बदलला तरी कामाला येईल.

खुंटीवरचा_रेडिओ:
जरा थांबा, अजून काही विकत घेऊ नका. थिएटरच्या 'एचडीएमआय आउट'च्या खाली किंवा बाजूला बारीक अक्षरात एआरसी असे लिहिले आहे का ते आधी बघा. सगळे त्यावर अवलंबून आहे.

एआरसी म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनल. २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर ही सोय आली. त्याआधी एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज एकाच दिशेने जात, प्लेअरकडून टीव्हीकडे. एआरसीमुळे त्याच वायरीतून टीव्हीचा आवाज उलटा थिएटरकडे येतो. तुमच्या थिएटरचे भोक 'आउट' आहे ते डीव्हीडीच्या चित्राच्या हिशेबाने. त्यावर एआरसी असेल तर टीव्हीचा आवाज तिथूनच आत येईल. नसेल तर ती वायर फक्त डीव्हीडी बघण्यापुरती, आणि टीव्हीच्या आवाजाला ऑप्टिकल.

ऑप्टिकलमधून ५.१ मिळते, पण फक्त दाबलेले (कॉम्प्रेस केलेले): डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस. न दाबलेला पीसीएम आवाज असेल तर त्यातून दोनच चॅनल जातात. साध्या एआरसीचीही मर्यादा जवळपास हीच आहे, म्हणून आवाजाच्या दर्जात या दोघांत फार डावे-उजवे करू नका. फरक पडतो तो रिमोटचा. एआरसीबरोबर सीईसी (एचडीएमआयने जोडलेली उपकरणे एकाच रिमोटने चालवायची सोय) चालू केले की टीव्हीच्या रिमोटने थिएटरचा आवाज कमी-जास्त होतो, टीव्ही बंद केला की थिएटरही बंद होते. ऑप्टिकलमध्ये आवाजासाठी दुसरा रिमोट शोधत बसावे लागते. घरात इतर मंडळीही टीव्ही बघत असतील तर ही गोष्ट छोटी नाही.

ईएआरसी हा पुढचा प्रकार, एचडीएमआय २.१ मधला. त्याची क्षमता ३७ एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला ३७ मेगाबिट) आहे, साध्या एआरसीची एक एमबीपीएसच्या आसपास. त्यातून ट्रूएचडी, डीटीएस-एचडी असले अस्सल आवाजही जातात. पण त्यासाठी दोन्ही टोकांना ईएआरसी लागते. तुमच्या टीव्हीला आहे, जुन्या थिएटरला असणार नाही. मग टीव्ही गपचूप एआरसीवर उतरतो. काही बिघडत नाही.

म्हणूनच @सोनेरी_पिन यांचा सल्ला इथे वाया जाईल. एचडीएमआयमधून आकडे जातात. पोचले तर पूर्ण पोचतात, नाही पोचले तर चित्रावर ठिपके चमकतात, आवाज तुटतो, पडदा काळा होतो. महागड्या केबलने संवाद गोड किंवा बास भरदार होत नाही. मुलाम्याचा उपयोग पिना गंजू नयेत एवढाच. ४८ जीबीपीएसवाली अल्ट्रा हाय स्पीड केबल लागते ती ४के १२० हर्ट्झ किंवा ८के चित्र नेताना, म्हणजे गेमिंग कन्सोल वगैरे असेल तर. टीव्ही ते थिएटर या वायरीतून तुमचा आवाज येणार आणि डीव्हीडीचे चित्र जाणार, त्याला साधी हाय स्पीड केबल पुष्कळ झाली. जास्तीचे पैसे द्यायचेच तर स्पीकरच्या वायरीला द्या, तिथे खरोखर फरक पडतो.

तारेवरची_कसरत:
मान्य. रिमोटचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. ऑप्टिकलला काटकोनात वाकवायचे नाही, पट्टीच्या कोपऱ्यात हे लक्षात ठेवा. वायरीत वीज नसते, प्रकाश असतो, त्यामुळे गुणगुण मात्र अजिबात येत नाही.

धागाकर्ता:
बॅटरी घेऊन कपाटात घुसलो. 'एचडीएमआय आउट'च्या खाली एआरसी लिहिले आहे! एवढी वर्षे संच घरात आहे आणि तिकडे बघायची वेळच आली नव्हती. तीन मीटरची साधी हाय स्पीड केबल आणली, टीव्हीच्या ईएआरसी लिहिलेल्या भोकात लावली. आवाज आला, रिमोटही चालतोय. पण पुढचे दोन स्पीकर आणि सबवूफरच वाजतात, मधला आणि मागचे गप्प. सेट टॉप बॉक्स टीव्हीलाच लावला आहे. तो थिएटरमधून न्यायला हवा होता का?

खुंटीवरचा_रेडिओ:
नको, आणि नेता येणारही नाही, तुमच्या थिएटरला एचडीएमआय इन कुठे आहे? असते तरी मी बॉक्स टीव्हीलाच लावायला सांगितले असते. जुन्या संचातून ४के चित्र बहुधा पुढे सरकत नाही.

टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जा. 'डिजिटल आउटपुट फॉरमॅट' किंवा तशा नावाचा पर्याय असेल, तो पीसीएमवर असणार. बिटस्ट्रीम, ऑटो किंवा पासथ्रू करा. पीसीएमवर टीव्ही सगळ्याचा स्टिरिओ करून पाठवतो. असाच पर्याय सेट टॉप बॉक्समध्येही असतो, तोही डॉल्बीवर हवा. एवढे करूनही बातम्या दोनच स्पीकरमधून येतील, कारण मूळ आवाजच स्टिरिओ असतो. ओटीटीवर ५.१ लिहिलेला एखादा चित्रपट लावून बघा.

पेनड्राइव्हवरच्या एखाद्या चित्रपटाचा आवाजच आला नाही तर घाबरू नका. त्याचा ट्रॅक डीटीएस असेल आणि बरेच टीव्ही डीटीएस उलगडतही नाहीत आणि पुढेही पाठवत नाहीत. ही फाइल थिएटरच्या स्वतःच्या यूएसबीत लावून बघा.

डाग_आणि_सोल्डर:
मागच्या स्पीकरच्या वायरीबद्दल कोणी बोललेच नाही. जोडून लांब केली तर बिनधास्त चालेल, फक्त आहे त्यापेक्षा बारीक वायर जोडू नका. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. १६ गेजची तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर दिसायला तशीच असते, तिचा रोध जास्त, म्हणून विचारून घ्या. असल्या संचांचे स्पीकर बहुधा ३-४ ओहमचे असतात (मागे लिहिलेले असते). ओहम जितके कमी, तितका बारीक वायरीचा त्रास जास्त.

थिएटरकडच्या टोकाला कंपनीचा खास प्लग असेल तर तो कापून टाकू नका, वायर मध्ये तोडून तिथे जोड द्या. डाग देऊन (सोल्डर करून) वर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली की काही दिवसांनी ती सैल होते. काम करताना संच प्लगमधून काढलेला हवा. उघडे तंतू एकमेकांना चिकटले तर डिस्प्लेवर 'प्रोटेक्ट' येऊन संच बंद पडेल.

प्लस-मायनस उलटे होऊ देऊ नका. रेघ असलेली बाजू कुठे जाते ते आधीच लिहून ठेवा. उलटे झाले तरी आवाज येतो, त्यामुळे पटकन कळत नाही, पण बास पोकळ वाटतो आणि आवाज नक्की कुठून येतोय ते समजत नाही. शंका आली तर स्पीकरची वायर संचापासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर स्पीकरचा पडदा (कोन) बाहेर येतो.

धागाकर्ता:
बिटस्ट्रीम केले आणि मधला स्पीकर बोलायला लागला! चित्रपटात मागचेही. बातम्या दोनच स्पीकरमधून, तुम्ही म्हणालात तसेच. १६ गेजची वायर आणून ठेवली आहे, सुट्टीच्या दिवशी डाग द्यायला बसेन. सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिले: ओठ आधी हलतात, आवाज किंचित मागून येतो. केबलचा दोष का?

खुंटीवरचा_रेडिओ:
केबलचा नाही. आवाज उलगडायला थिएटरला थोडा वेळ लागतो, तोवर चित्र पुढे गेलेले असते. थिएटरमध्ये 'ऑडिओ डिले' किंवा 'एव्ही सिंक' असेल तर ते आधी शून्यावर आणा. मग टीव्हीतल्या 'डिजिटल आउटपुट डिले'चा आकडा कमी कमी करत जा. बातम्या लावून करा, निवेदकाचे ओठ स्पष्ट दिसतात.