चेकवरचं नाव-रक्कम बदलून बाबांचे ४ लाख ८५ हजार गेले, आधी कुठे जावं?

मृदुला_के
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

बाबा सांगलीत असतात, गणिताचे निवृत्त शिक्षक, वय ७६. विम्याच्या हप्त्याचा १८,४०० चा चेक त्यांनी एका कलेक्शन सेंटरच्या पेटीत टाकला. तो विमा कंपनीपर्यंत पोचलाच नाही. त्याच नंबरचा चेक ४,८५,००० ला वटला, परराज्यातल्या कुठल्याशा माणसाच्या नावाने, दुसऱ्या बँकेतल्या नव्याकोऱ्या खात्यात. सही बाबांचीच, बाकीचं धुऊन नव्याने लिहिलंय.

बाबा चेक कायम मराठीत लिहितात आणि प्रत्येकाची झेरॉक्स फायलीला लावतात. झेरॉक्सवर 'अठरा हजार चारशे फक्त' स्वच्छ दिसतंय. बँकेने दाखवलेल्या प्रतिमेत नाव इंग्रजीत, रक्कम इंग्रजीत, तारीख मात्र बाबांच्या हातची, मराठी आकड्यांत तशीच! बँक म्हणते, सही जुळली, आमचं काम संपलं. पोलिसांनी 'दिवाणी बाब आहे' म्हणून नुसता अर्ज ठेवून घेतला.

आधी कुठे जावं? वकिलावर दहा हजारांच्या वर खर्च करायची तयारी नाही. अनुभव असलेल्यांनीच सांगावं ही विनंती.

बंड्या_नाना
अनुभव नाही, पण सांगतो. सरळ १३८ ची केस ठोका. आमच्या साडूने ठोकली होती, समोरचा हात जोडत घरी आला.

वरदा
नाना, १३८ चेक बाउन्स झाल्यावर. इथे तो वटलाय हेच तर दुखणं आहे.
मृदुला, तू ताबडतोब सायबर हेल्पलाइनला, १९३० वर फोन कर. आणि आरबीआयचा २०१७ चा नियम आहे, तीन कामाच्या दिवसांत कळवलं की आपली जबाबदारी शून्य. माझ्या कार्डाचे पैसे असेच परत आले, बँकेला एक मेल टाकला फक्त.

खडूस_कोल्हापूरकर
२०२५ संपलं तरी लोक चेक फाडतायत! आमच्या घरात चेकबुक कुठे आहे हेही कुणाला माहीत नाही. बाबांना यूपीआय शिकवा, विषय संपला.

मृदुला_के
@खडूस, विषय संपला नाहीये, पैसे गेलेत.

निवृत्त_शाखाधिकारी
वरदाताई, ६ जुलै २०१७ चं ते परिपत्रक इलेक्ट्रॉनिक व्यवहारांपुरतं आहे. कार्ड, नेटबँकिंग वगैरे. चेकला लागू नाही. त्याचा आधार घेऊन अर्ज केलात तर बँक एका ओळीत उडवून लावेल.

चेकचा कायदा १८८१ चा. त्यात कलम ८९ आहे: बदल वरवर दिसण्यासारखा नसेल आणि बँकेने सद्भावनेने, हयगय न करता पैसे दिले असतील तर बँक सुटते. सगळं भांडण या दोनच गोष्टींवर. बदल दिसत होता का, आणि बँकेने काळजी घेतली का. सही जुळली हे अर्धंच उत्तर झालं. एकाच चेकवर तारीख मराठी आकड्यांत आणि रक्कम इंग्रजीत, अक्षराचं वळणही वेगळं, हे तुमचं हुकमाचं पान आहे. जुन्या चेकच्या झेरॉक्सही जोडा, म्हणजे बाबांची सवय दिसेल.

दुसरं. हल्ली चेक तुमच्या शाखेत येतच नाही. सीटीएसमध्ये, म्हणजे चेक स्कॅन करून वटवायच्या पद्धतीत, येते ती प्रतिमा. कागद राहतो जिथे भरला त्या बँकेत. तो हातात धरून, दिव्याखाली बघणं तिलाच शक्य. त्याच कायद्याच्या कलम १३१ च्या स्पष्टीकरणात ती जबाबदारी तिच्यावरच टाकली आहे. म्हणून तक्रार दोन्ही बँकांकडे करा, आणि मूळ चेक जपून ठेवा असं पत्र त्या बँकेला आजच पाठवा. नियमाने दहा वर्षं ठेवायचा असतो, तरी लेखी मागणी असलेली बरी.

तिसरं. ५ नोव्हेंबर २०१४ चं आरबीआयचं परिपत्रक काढून वाचा. २ लाखांवरचे चेक अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली, ५ लाखांवरचे एकाहून जास्त पातळ्यांवर तपासायचे, संशय आला किंवा रक्कम मोठी असली तर खातेदाराला फोन, नव्या खात्यांवर नजर. आकडा ४,८५,००० च का निवडला, आलं लक्षात? ५ लाखांपासून बऱ्याच बँकांत पॉझिटिव्ह पे, म्हणजे दिलेल्या चेकचा तपशील बँकेला आधीच कळवणं, सक्तीचं आहे.

ठाणेकर_७१
वरच्या सरांशी सहमत. आमच्या सोसायटीचं असंच प्रकरण झालं तेव्हा आम्ही हायकोर्टातला वकील लावला. पाऊण लाख घेतले पण माणूस पट्टीचा, नोटीस वाचूनच बँकेला घाम फुटला. नंबर हवा असल्यास व्यक्तिगत निरोप करा.

मृदुला_के
बजेट दहा हजार.

ठाणेकर_७१
हप्त्याने घेतो.

दीपा_डोंबिवली
आमच्याकडे दिराला कर्ज देतो म्हणून एक एजंट आला. फॉर्म भरला, रद्द केलेला चेक मागितला, आणि 'माझ्याच पेनाने लिहा' म्हणाला. गेल्यावर चेकवरचा 'कॅन्सल' शब्द गायब आणि खात्यातून पैसे. ती शाई उष्णतेने उडते म्हणे. तेव्हापासून मी कुरियरवाल्याचंसुद्धा पेन हातात धरत नाही.

बंड्या_नाना
असं पेन मिळतं कुठे? नातवाला शाळेत उपयोगी पडेल.

साताऱ्याची_सून
आमचे हे पोलिसात आहेत, म्हणून सांगते. 'दिवाणी बाब' हे ठरलेलं उत्तर आहे, ऐकून परत यायचं नाही. ही बनावट दस्तऐवजाची केस आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८(४), मौल्यवान रोख्याच्या (यात चेक येतो) बनावटीला ३३८, तो खरा म्हणून वापरला त्याला ३४०. ठाणेदार ऐकत नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली एसपींना लेखी अर्ज, तिथेही हललं नाही तर १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. त्या खात्यात काही शिल्लक असेल तर ती गोठवायचं पत्रही पोलिसांकडूनच जातं, त्यामुळे रोज पाठपुरावा करा. १९३० मुख्यतः ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे.

खडूस_कोल्हापूरकर
पण मराठीत चेक चालतो का मुळात? माझा एकदा काउंटरवरून परत दिला होता. बहुतेक म्हणूनच घोळ झाला असणार.

निवृत्त_शाखाधिकारी
चालतो. हिंदी, इंग्रजी किंवा त्या राज्याची भाषा, तिन्ही चालतात. परत देणाऱ्याचं नाव विचारून लेखी कारण मागायचं होतं.

वरदा
मराठी चेकवर वेगळा धागा काढा बाई, इथे नको.

काळा_कोट
व्यवसायाने वकील. शाखाधिकारी साहेबांचं म्हणणं बरोबर, पण गुलाबी चित्र नको. १९९३ साली 'बँक ऑफ महाराष्ट्र विरुद्ध ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंग कंपनी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. चेक रसायनाने बदललेला होता, शाखेत अल्ट्राव्हायोलेट दिवा नव्हता. न्यायालय म्हणालं, उघड्या डोळ्यांना बदल दिसत नव्हता, नुसता दिवा नाही म्हणून निष्काळजीपणा ठरत नाही. समोरचा वकील हा निकाल पहिल्याच दिवशी काढणार. तुमचं उत्तर हे, की इथे बदल उघड्या डोळ्यांना दिसतोय, आणि २०१४ चं परिपत्रक त्या निकालानंतरचं आहे.

मार्ग दोन. एक, आरबीआयचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, की पोर्टलवर तक्रार. फी नाही, वकील लागत नाही, पोलीस तपास चालू असला तरी अडत नाही. मात्र सखोल पुरावा लागेल असं वाटलं तर ते प्रकरण नाकारू शकतात. दुसरा, जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. २०१९ च्या कायद्याने बाबा राहतात तिथेच, सांगलीत दाखल करता येईल. तिथे बँका २०२३ चा सिटी युनियन बँकेचा निकाल दाखवतात, की फसवणूक-गुन्हेगारीचे प्रश्न आयोगाच्या संक्षिप्त चौकशीत बसत नाहीत. शिवाय दुसरी बँक म्हणेल, हे आमचे ग्राहकच नाहीत. म्हणून तक्रारीत 'फोर्जरी' शब्द घोळवत बसू नका, 'सेवेतील त्रुटी' वर उभे राहा. माझं मत: आधी लोकपाल. आयोगात आधी गेलात तर लोकपालाचं दार बंद होतं.

दीपा_डोंबिवली
लोकपालाला +१.

साताऱ्याची_सून
मलाही लोकपालच वाटतं, पण गुन्हा आधी.

ठाणेकर_७१
लोकपाल वगैरे ठीक, पण वकिलाच्या नोटिशीची मजा वेगळी. अजून विचार करा.

खडूस_कोल्हापूरकर
पेटीत चेक टाकतातच का म्हणे? काउंटरवर देऊन पोच घ्यायची. मी नेहमी घ्यायचो, चेक होते तेव्हा.

मृदुला_के
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः शाखाधिकारी काका आणि काळा कोट यांचे.

घडामोडी अशा. एसपी ऑफिसला अर्ज दिल्यावर गुन्हा दाखल झाला. त्या खात्यातले ६१ हजार शिल्लक होते, ते गोठवले. बाकी एटीएममधून कधीच काढून झालेत. आमच्या बँकेने तोंडी सुचवलं की ६१ हजार मिळाल्यावर 'तक्रार मागे घेत आहे' असं लिहून द्या. मी नाही म्हटलं.

लोकपालाचा अर्ज मी भरून तयार ठेवला होता. बाबांनी तो वाचला, शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने काढल्या आणि बाजूला ठेवला. म्हणाले, पोर्टलवर माणूस दिसत नाही. मला समोर उभं राहून विचारायचंय की एवढा मोठा चेक आला, तर फोन का केला नाही. तेव्हा ते ग्राहक आयोगात जाणार, वकील न लावता, स्वतः. दाखल करायला फीसुद्धा पडत नाही कळल्यावर तर ऐकायलाच तयार नाहीत. तक्रार मराठीत लिहिताहेत, वीस पानं झालीत.

काळा_कोट
वीस नको, सहा करा. चेकच्या दोन्ही प्रती, बाबांची झेरॉक्स आणि बँकेची प्रतिमा, शेजारी शेजारी, पहिल्याच पानामागे. लोकपालाचा मार्ग सोडल्याचं वाईट वाटतं, पण बाबांना शुभेच्छा.

निवृत्त_शाखाधिकारी
मर्जी त्यांची. मूळ चेक जपायचं पत्र गेलं का?

मृदुला_के
हो, स्पीड पोस्टाने. पोच आली, बाबांनी फायलीला लावली. विम्याचा हप्ताही भरला. चेकनेच. या वेळी काउंटरवर.

खडूस_कोल्हापूरकर
काय बोलणार.