मदत हवी आहे : व्हायब्रेशन रीडिंग हद्दीत, तरी आयडी फॅनचं बेअरिंग गेलं

नमस्कार मंडळी,

साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तीन हंगाम झाले, आम्ही महिन्यातून एकदा 140 पॉइंटवर व्हायब्रेशन आणि तापमान घेतो, मिल गिअरबॉक्सच्या तेलाचा नमुना तपासायला पाठवतो. रजिस्टर चोख आहे. तरी जानेवारीत, ऐन गाळपात, बॉयलरच्या आयडी फॅनचं (धूर बाहेर ओढणारा पंखा) बेअरिंग गेलं आणि 19 तास गाळप बंद पडलं. यार्डात उसाच्या गाड्या उभ्या, ऊस वाळतोय, बैलगाडीवाले रात्रभर शेकोटीला बसलेले. ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

मोटर 200 किलोवॅटची, व्हीएफडीवर (वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह). फॅनला प्लमर ब्लॉकमध्ये (बेअरिंगचं हाउसिंग) स्फेरिकल रोलर बेअरिंग. व्हायब्रेशनच्या जुन्या आयएसओ 10816-3 मानकाप्रमाणे (आता त्या जागी 20816-3 आहे) आमच्या पक्क्या फाउंडेशनला 2.8 मिमी/सेकंदपर्यंत ठीक, 4.5 च्या वर धोका. आमची रीडिंग 2.1, 2.2, 2.4. शेवटचं 2.6, आणि त्यानंतर अकराव्या दिवशी फॅन थांबवावा लागला. उघडलं तर बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर (कड्यावर), खालच्या बाजूला, नखाएवढे पापुद्रे उडालेले. ग्रीस काजळासारखं काळं, बोटावर घेतलं की त्यात चमचमणारा कीस.

सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. आमचा जुना फिटर चार दिवस आधीच स्क्रूड्रायव्हर कानाला लावून म्हणाला होता, "साहेब, आत करकर येतीय." आमच्या तक्त्यात ते लिहायला रकानाच नाही. तापमानही तोवर नेहमीचंच होतं.

हंगाम संपायला महिना-सव्वा महिना आहे. माणसं दोन, व्हायब्रेशन मोजायचा ॲनालायझर एकच. ऑनलाइन सेन्सरला या वर्षी मंजुरी नाही. अशात नेमकं काय आधी बदलू?

प्रतिसाद :

दादा, मी कागद कारखान्यात हेच काम करतो. बेअरिंगच्या सुरुवातीच्या इजेचा ठोका बारीक आणि वरच्या फ्रीक्वेन्सीचा असतो. एकूण मिमी/सेकंदच्या आकड्यात तो बुडून जातो. तो आकडा हलेपर्यंत बेअरिंग बरंच खाल्लेलं असतं. तुमच्या ॲनालायझरमध्ये एन्व्हलपचा (हे बारीक ठोके वेगळे काढून दाखवणारा) पर्याय असेल तर तो सुरू करा. पण त्याआधी सांगा, प्रोब हातात धरता का? तसं असेल तर वरच्या फ्रीक्वेन्सी त्यातून नीट येतच नाहीत. हाउसिंगचा रंग खरवडून सपाट जागा करा, तिथेच दरवेळी प्रोब मॅग्नेटने लावा. आणि व्हीएफडीवर किती आरपीएम होते ते रीडिंगशेजारी लिहाच, नाहीतर 700 चं रीडिंग 950 च्या रीडिंगशी ताडत बसाल.

140 पॉइंट महिन्यातून एकदा घेण्यापेक्षा, बंद पडल्यावर गाळप थांबवणारी पंधरा-वीस यंत्रं आठवड्याला घ्या. त्या फिटरला राउंडला बरोबर न्या आणि तो म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. "करकर" लिहिलं की त्याच पाळीत तपासणी, असा नियमच करा.

धागाकर्ता :

मनापासून आभार. हो, प्रोब हातातच धरतो, तोही रंगावर. आज संध्याकाळच्या पाळीत दोन्ही आयडी फॅन आणि बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपांच्या जागा घासून घेतो. एन्व्हलपचा पहिला आलेख इथे टाकला तर बघून सांगाल का? आणि आलेखात बेअरिंगच्या इजेची खूण दिसली तर हंगाम संपेपर्यंत ओढायचं की लगेच थांबवायचं, हे तुमच्याकडे कसं ठरवता?