सहकुटुंब घाबरायचं असेल तर काय बघावं?

कोथरूडचा_बाबा
दिवाळीच्या सुट्टीत बहीण मुलीला घेऊन येणार आहे. म्हणजे घरात माझी आई (वय ७४), आम्ही तिघं मोठे, भाची १४ ची आणि आमचे चिरंजीव ९ चे. फराळ झाला, किल्ला झाला, की चौथ्या दिवशी जो तो आपापल्या मोबाइलमध्ये शिरतो. म्हणून एका रात्री सगळ्यांनी मिळून भुताचा सिनेमा बघायचा असं मी जाहीर केलंय. बायको "बघू" म्हणाली. आमच्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मुलांनी पहिल्यांदा घाबरायचं ते घरच्यांच्या मांडीला मांडी लावून. नाहीतर ती कुणाच्या तरी फोनवर, पांघरुणात, एकेकटी घाबरतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. मी 'झपाटलेला' पाहिला तो वाड्याच्या चौकात, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर, वीस-पंचवीस माणसांत. तात्या विंचू खाटेखाली असेल म्हणून पुढे दोन महिने पाय पोटाशी घेऊन झोपलो. पण त्या रात्रीचं हसणं अजून कानात आहे. भयपट हा मुळातच चारचौघांत बघायचा प्रकार आहे. विरोध जरूर करा, पण सिनेमाचं नाव घेऊन करा.

दोन_पोरांची_आई
नाव घेऊन करते. 'मुंज्या'. २०२४ मध्ये जो तो सांगत होता, "अगं विनोदी आहे, अर्धा पुण्यात घडतो, दाखव मुलांना." प्रमाणपत्र यूए. दाखवला. सुरुवातीलाच नुकती मुंज झालेला पोरगा सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो! माझा धाकटा तेव्हा सात वर्षांचा, आणि त्याची मुंज वैशाखात करायची ठरलेली.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पिंपळ आहे. शाळेची रिक्षा तिथेच थांबते. पंधरा दिवस ती मला पलीकडे दुधाच्या दुकानापाशी थांबवायला लागली. आणि मुंजीच्या दिवशी न्हाव्यासमोर बसल्यावर याने सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, "आता मी मेलो तर झाडावर जाणार ना?" सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तुमचं वाड्यातलं हसणं तुमच्यापाशी राहू द्या.

कोथरूडचा_बाबा
मुंजीचं वाचून हसू आवरलं नाही, माफ करा. पण ताई, त्याने विचारलं की नाही? सगळ्यांसमोर विचारलं. एकट्याने पाहिला असता तर मनातच ठेवलं असतं.

दोन_पोरांची_आई
मनात ठेवायलाही आधी तो दिसला पाहिजे ना! मी दाखवला म्हणून दिसला.

बाल्कनी_रो_सी
भांडण्याआधी प्रमाणपत्र नीट वाचा. नोव्हेंबर २०२४ पासून यूएचे तीन भाग झालेत: ७+, १३+ आणि १६+. त्याआधी सरसकट एकच यूए होतं. त्यात सात वर्षांच्या पोराचं आणि पंधरा वर्षांच्या पोराचं चित्र एकाच पिशवीत. तरीही यूए ही पालकांना केलेली सूचनाच. आकड्यापेक्षा लहान पोराला आईबापांबरोबर सिनेमाला जायची बंदी नाही, ठरवायचं तुम्हीच. 'ए'चं तसं नाही. १८ च्या खालच्यांना प्रवेश नाही, आईबाप बरोबर असले तरी. 'तुंबाड' २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा दारावर एक बाप तावातावाने सांगत होता, "अहो, लोभ वाईट ही शिकवण आहे त्यात!" बरोबर सहावी-सातवीतला मुलगा. दारवानाने शांतपणे सांगितलं, "शिकवण १८ झाल्यावर घेऊन या." मी त्या दारवानाच्या बाजूचा आहे, आणि 'तुंबाड' मला अतिशय आवडतो.

सदाशिवातला_भाडेकरू
गंमत वाटते. पुण्यातलं पोर पाच-सहा वर्षांचं झालं की आपण त्याला शनिवारवाड्यावर नेतो आणि भेळ खाता खाता सांगतो, की इथे ३० ऑगस्ट १७७३ ला, ऐन गणपतीत, गारद्यांनी नारायणरावाला मारलं. अठरा वर्षांचा होता. 'ध'चा 'मा' केला. आणि वर, अमावास्येला अजून "काका मला वाचवा" ऐकू येतं. खून खरा, काका खरा, वाडा समोर उभा. याला कुठलं प्रमाणपत्र? संगणकावर काढलेलं मुंज्याचं चित्र मात्र तुम्हाला झेपत नाही.

दोन_पोरांची_आई
चांगला मुद्दा आहे, पण माझ्या बाजूने. गोष्ट सांगणारा बाप पोराचं तोंड बघत सांगतो. ओठ थरथरला की गारदी पळून जातात आणि कुल्फीचा विषय निघतो. शिवाय ऐकताना पोर आपल्याला झेपेल एवढंच भूत मनात उभं करतं. पडद्यावरचं भूत दुसऱ्याने ठरवलेल्या मापाचं असतं, आणि ते कुणासाठी थांबत नाही.

बाहुली_नको
उलट आहे हो. मनातलं भूतच मोठं असतं, त्याला माप कुठलं? पडद्यावरचं फार तर दोन तास. मला लहानपणी कुठलीच बाहुली खोलीत चालत नसे, कारण तात्या विंचू मी कधी नीट पाहिलाच नव्हता. डोळे मिटून नुसता आवाज ऐकला होता! शेवटी बाबांनी रामदास पाध्यांचा बाहुल्यांचा कार्यक्रम दाखवायला नेलं. तात्या विंचूचा बाहुलाही पाध्यांनीच केलेला, हे तिथेच कळलं. माणसाच्या हातावर बसलेली बाहुली बोलताना पाहिली आणि भीती निम्मी झाली. उरलेली निम्मी आहे अजून, वय वर्षं ३८.

यातून मी एक शिकलो. भीती शिरते ती कानातून. घरी बघताना आवाज कमी ठेवा. दचकवायच्या जागा आपोआप बोथट होतात, कथा जशीच्या तशी राहते.

अमावास्या
आवाज कमी ठेवून भयपट? मग साखर न घालता श्रीखंड करा. या विनोदी भुतांनीच वाट लावलीय. धड हसू नाही, धड भीती नाही. घाबरायचं तर नीट घाबरा. रक्त नको असेल तर 'महल' (१९४९) लावा, 'बीस साल बाद' (१९६२) लावा. मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) आहे. अंधार, झुलता कंदील, लांबून येणारं गाणं. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना चालेल.

बाल्कनी_रो_सी
आजीला चालेल. नातू पंधराव्या मिनिटाला विचारेल, "भूत कधी येणार?" आणि 'महल'मध्ये तर शेवटी

अमावास्या
शेवट सांगायचा नाही!!

औंधची_सून
सगळे मुलांवरच अडलेत. कुटुंबात काय फक्त मुलंच असतात? दोन वर्षांपूर्वी मी सातव्या महिन्यात असताना दिराने हौसेने 'लपाछपी' लावला. मराठी आहे, नावाजलेला आहे, लहान मुलं घरात नाहीत, मग काय हरकत? उसाच्या फडातल्या घरात अडकलेली गरोदर बाई. गोष्ट स्त्रीभ्रूणहत्येची. सिनेमा उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण अर्ध्या तासात सासरे पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत, आणि सासूबाई माझा हात धरून बसल्या. आमच्या दोघींत त्या विषयावर तोवर एक शब्द झालेला नव्हता. त्या रात्री त्यांनी मला जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही. पण बाबा, तुमच्या बाजूने माझं एक मत धरा. फक्त लावण्याआधी एकदा एकट्याने बघून घ्या. घरात कोणाच्या मनात काय आहे हे प्रमाणपत्राला माहीत नसतं.

दोन_पोरांची_आई
एकट्याने आधी बघा, हे मला शंभर टक्के मान्य. सातव्या वर्षी दाखवा, हे अजूनही अमान्य.

सदाशिवातला_भाडेकरू
आणि शनिवारवाडा?

दोन_पोरांची_आई
भेळेसकट मान्य.

कोथरूडचा_बाबा
काल रात्री एकट्याने 'झपाटलेला' पुन्हा पाहिला. दोन जागी मीच दचकलो, ते घरी सांगितलेलं नाही. भाऊबीजेनंतरचा शनिवार ठरलाय. चिरंजीव मध्ये बसणार, रिमोट बायकोच्या हातात (ही तिची अट), आवाज मध्यम. दिवे मालवायचे की नाही यावर दोन दिवस वाद चालला होता. शेवटी आई म्हणाली, "दिवे चालूच ठेवा, मला वाती वळायच्यात."