क्लायंट डॉक्युमेंट देत नाहीये, डेडलाईन डोक्यावर, केस सोडता येते का? (अर्जंट)

फाईलमध्ये_अडकलेली:
नमस्कार मंडळी, घाई आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येते. मी इमिग्रेशन कन्सल्टन्सीत आहे. एक क्लायंट नुसता झुलवतोय, जुन्या कंपनीचं रेफरन्स लेटर काही येईना, रोज "ताई उद्या नक्की". आता परवा लेटर आलं पण ते मला बरोबर वाटत नाहीये, आणि ऑफिसातून प्रेशर की फाईल जाऊ दे. अशा वेळी केस सोडता येते का? फी परत द्यावी लागते का? या फील्डमधल्यांनी प्लीज लवकर सांगा. बाकीच्यांनी कृपया "कशाला जाता परदेशात" सुरू करू नका.

पुणेरी_पोहे:
देश कुठला ते तरी सांगा. आणि डेडलाईन कसली, व्हिसाची की पीआरची?

शिवाजीनगर_काका:
कशाला जाता परदेशात. माझा भाचा मेलबर्नला आहे, घरभाड्यातच अर्धा पगार जातो. बाकी फी परत अजिबात देऊ नका, तुम्ही काम केलंय.

मिसिसागाकर:
काकांचं राहू द्या. मी इथे कॅनडात आठ वर्षं हेच करतोय, लायसन्स आहे. आधी तीन गोष्टी सांगा. कॅनडा असेल तर आयटीए (पीआरसाठी अर्ज करायचं निमंत्रण) कधी आला आणि किती दिवस उरलेत? लेटरमध्ये नेमकं काय खटकतंय? आणि तुम्ही स्वतः आरसीआयसी (कॅनडाच्या लायसन्सचे कन्सल्टंट) आहात का?

फाईलमध्ये_अडकलेली:
सॉरी, कॅनडाच, एक्सप्रेस एंट्री (पॉइंटवर पीआर मिळते ती), फ्रेंच येणाऱ्यांसाठीचा ड्रॉ. 11 दिवस उरलेत. मी आरसीआयसी नाही, पुण्यातल्या ऑफिसात केस बघते, लायसन्स सरांचं, ते तिकडे कॅनडात सरीला बसतात. लेटर चाकणच्या एका छोट्या कंपनीचं, ती 2021 लाच बंद झालीय पण लेटरवर तारीख गेल्या आठवड्याची! पिन कोड 411 ने सुरू होतो, चाकणचा 410501 आहे हे मला माहितीये कारण माझं सासर तिकडचं. जीएसटी नंबर मोजला तर 14 अक्षरं, 15 पाहिजेत. आणि पीडीएफ मोठं करून पाहिलं तर शिक्क्याची शाई कुठेच फिकी नाही, सगळीकडे एकसारखी निळी, कडा कात्रीने कापल्यासारख्या. सर म्हणतात आपण काय फॉरेन्सिक लॅब आहोत का, क्लायंटने दिलं आपण लावलं.

उद्योजक_चिंचवड:
अहो ताई एवढं काय त्यात, त्याने काम तर केलंच होतं ना तिथे? मग लेटर त्याने टाईप केलं काय आणि कंपनीने केलं काय. एमआयडीसीतल्या निम्म्या कंपन्यांत एचआर नावाचा प्राणीच नसतो. नोटरी करून टाका, विषय संपला. कॅनडातून कोण येतंय चाकणला बघायला.

मिसिसागाकर:
@उद्योजक_चिंचवड चाकणला यायची गरजच नाही, फोन आणि ईमेलवर पडताळणी होते. पकडलं गेलं तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 40, मिसरिप्रेझेंटेशन म्हणजे खोटी माहिती, पाच वर्षं बंदी. ती क्लायंटला लागते, तुमच्या नोटरीला नाही. काम खरं केलेलं असलं तरी कागद बनावट तो बनावटच. आणि ताई, "क्लायंटने दिलं आपण लावलं" तेव्हाच चालतं जेव्हा आपल्याला संशय नसतो. तुम्ही पिन कोड आणि जीएसटीची अक्षरं मोजून बसलाय. आता तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही सांगितलंत म्हणजे सरांनाही माहीत आहे. कंपनीचं नाव मात्र इथे चुकूनही टाकू नका.

सस्कॅचवानची_सून:
मी क्लायंटच्या बाजूने लिहिते. आमचं आधीचं प्रोफाइल असंच एका कन्सल्टंटने घालवलं. आयटीए आला, आम्ही सगळे कागद पंधरा दिवसांत दिले, त्यांनी फाईल 59व्या दिवशी भरली आणि फंड्सचं बँक लेटर चुकीच्या फॉरमॅटमध्ये. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. तोवर आयटीएनंतर अर्जाला मिळतात ते साठ दिवस संपलेले, म्हणजे नवीन प्रोफाइल, नवीन रांग, त्यात माझा वाढदिवस येऊन वयाचे पॉइंट गेले. सगळ्यात चीड कशाची आली माहितीये का, उशीर त्यांचा होता हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही, "सिस्टिम स्लो होती". म्हणून विचारते, राग मानू नका, उशीर नक्की क्लायंटचाच ना?

शिवाजीनगर_काका:
नोटरीसाठी आता 100 चा स्टॅम्प पेपर चालत नाही. ऑक्टोबर 2024 पासून 500 चा.

उद्योजक_चिंचवड:
काका प्रतिज्ञापत्राला तशी सक्ती नाही, साध्या कागदावर पण होतं.

शिवाजीनगर_काका:
सरकारी कामाला नसेल. हे खाजगी काम आहे. मी गेल्याच महिन्यात भाडेकरारासाठी गेलो होतो.

पुणेरी_पोहे:
भाडेकराराचा इथे काय संबंध

फाईलमध्ये_अडकलेली:
@सस्कॅचवानची_सून, बरं, सांगते. फाईल आधी एका कलीगकडे होती, ती नोकरी सोडून गेली आणि हँडओव्हर झालाच नाही. पहिले 19 दिवस कोणी उघडलीच नव्हती. क्लायंटला हे माहीत नाही, त्याला वाटतं त्याच्याचमुळे उशीर झाला, रोज माफी मागतो बिचारा. मला त्याचंच जास्त टोचतंय खरं तर. आणि आयटीए सोडून दे असंही सांगवत नाही कारण त्याची फ्रेंचची टेस्ट पुढच्या दोन महिन्यांत एक्स्पायर होतेय, निकाल दोनच वर्षं चालतो. दोन वर्षं ऑफिस सुटल्यावर क्लास करून त्याने ते फ्रेंच केलंय.

मिसिसागाकर:
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. "क्लायंट झुलवतोय" एवढं वाचून मी जवळजवळ वेगळंच उत्तर लिहिलं होतं.

केस सोडण्याबद्दल: कारण असेल तर सोडता येते, पण क्लायंटला दुसरा कन्सल्टंट गाठता येईल एवढी नोटीस द्यावी लागते. 11 दिवसांवर असताना, साठातले 19 तुम्हीच खाल्लेले असताना, सोडणं म्हणजे पळून जाणं. हां, सगळं समजावूनही क्लायंटने बनावट लेटर लावायचाच हट्ट धरला तर मात्र बाहेर पडावंच लागेल. आणि सही सरांची, लायसन्स सरांचं, उद्या कॉलेजकडे (कन्सल्टंटना लायसन्स देणारी कॅनडातली संस्था) तक्रार गेली तर उत्तर त्यांनाच द्यायचंय. हे त्यांना ईमेलवर लिहा, फोनवर नको.

आता कामाचं. ती चाकणची नोकरी धरून किती पॉइंट घेतलेत? सध्याच्या नोकरीत किती झाले? आणि कटऑफच्या किती वर होता?

फाईलमध्ये_अडकलेली:
सध्याच्या कंपनीत 2 वर्षं 8 महिने, तिथलं लेटर एकदम व्यवस्थित आहे, कामं, तास, पगार सगळं. चाकणची 1 वर्ष 2 महिने. कटऑफच्या 31 वर होता. इंग्लिश सगळ्या मोड्यूलला सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) 9.

मिसिसागाकर:
मग डोकं शांत ठेवून मोजा. दोन्ही धरून तीन वर्षांच्या वर म्हणून परदेशातला अनुभव आणि इंग्लिश मिळून असतात ते 50 मिळाले. चाकणचं काढलं तर तीन पूर्ण होत नाहीत, एक ते दोन पूर्ण वर्षांच्या खान्यात येतो, 25. म्हणजे 25 गेले तरी कटऑफच्या 6 वर. शिक्षणाबरोबर अनुभवाचेही पॉइंट असतात, पण तिथे फक्त कॅनडातला अनुभव धरतात, त्यामुळे तिथे फरक पडायचा नाही, तरी आधी तपासा. स्कोर कटऑफच्या वर राहिला तर पुढे जाता येतं. 67 चा ग्रिड (पात्रतेला 100 पैकी 67 लागतात तो) पण परत लावून बघा, तिथे मात्र अनुभवाचा खाना दोन ते तीन वर्षांचाच राहतो, पॉइंट कमी होत नाहीत. मात्र नोकरी लपवायची नाही, पर्सनल हिस्टरीत ती आलीच पाहिजे, फक्त पॉइंटसाठी क्लेम करायची नाही, आणि एक्सप्लनेशन लेटरमध्ये कंपनी बंद झाली म्हणून क्लेम करत नाही असं सरळ लिहायचं.

सस्कॅचवानची_सून:
आणि क्लेम करायचंच असेल तर? फॉर्म 16, सॅलरी स्लिप, पीएफची सर्व्हिस हिस्टरी?

मिसिसागाकर:
सगळं लावता येतं, जुन्या सुपरवायझरचं अ‍ॅफिडेव्हिट पण. पण ऑफिसर मान्य करेल याची खात्री नाही आणि इथे जर गरजच नसेल तर कशाला जुगार खेळा.

उद्योजक_चिंचवड:
म्हणजे शेवटी अ‍ॅफिडेव्हिटच. मी हेच म्हणत होतो.

मिसिसागाकर:
नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता.

फाईलमध्ये_अडकलेली:
अपडेट. काल रात्री क्लायंटशी बोलले. लेटर मावसभावाने कॅन्व्हावर केलंय, मालकाला शोधायला तो खरंच दोनदा चाकणला जाऊन आला होता, गाळ्यात आता टायरचं दुकान आहे. पॉइंट मी तीनदा मोजले, शिक्षणाच्या बाजूला 50 तसेच राहतात, म्हणजे 6 वर बरोबर. ग्रिडलाही 67 च्या वर आहे. सर आधी चिडले पण ईमेल लेखी गेल्यावर दहा मिनिटांत "ओके, रिमूव्ह क्लेम" असं उत्तर आलं. पीसीसी (पोलिसांचा दाखला) हातात आहे, मेडिकल झालंय, गुरुवारी फाईल जाईल, शेवटचा दिवस गाठायचा नाही.

मिसिसागाकर:
छान. आणि 19 दिवसांचं?

फाईलमध्ये_अडकलेली:
सर म्हणाले फाईल जातेय ना वेळेत, मग उगाच कशाला सांगायचं. मेल लिहून ठेवलाय. ड्राफ्टमध्ये आहे.

सस्कॅचवानची_सून:
पाठवा हो. तो अजून माफी मागतोय ना तुमची?

फाईलमध्ये_अडकलेली:
आज सकाळी पण मागितली.

शिवाजीनगर_काका:
500 च्या स्टॅम्प पेपरची मी वकिलाकडून खात्री करून घेतली आहे. हवी असल्यास पावतीचा फोटो टाकतो.