जुन्या चिऱ्याच्या घरात नेटसाठी पाइप आत्ताच घालून ठेवावा का? (सत्तरी, गोवा)

नमस्कार मंडळी,

वाळपईजवळ आमचं जुनं घर आहे. जमीन उकरून वायरिंग नव्याने चाललंय आणि पावसापूर्वी फरशी बसायला हवी. माझं म्हणणं, रस्त्यावरच्या खांबापासून घरापर्यंत आणि पुढे प्रत्येक खोलीत नेटसाठी वेगळा पाइप आत्ताच घालावा. थोरला भाऊ म्हणतो, "मोबाइलवर भागतंय की, उगाच खर्च कशाला?"

पण भागत नाही. चिऱ्याच्या भिंती दीड हात जाड, राउटर सोप्यावर. मधल्या खोलीत वायफाय पोचतच नाही. वहिनीने कामाची मोठी फाइल चढवायला घेतली की मुलाचा क्लास अडकतो. आणि मी आजचा नाही, पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा विचार करतोय. 2023 च्या जानेवारीपर्यंत सरकारी व्याख्येत 512 केबीपीएस (जेमतेम अर्धा एमबीपीएस) म्हणजे ब्रॉडबँड होतं, मग ते 2 एमबीपीएस झालं. आज 2 मध्ये कुणाचं निभतं? फायबरचं, म्हणजे काचेच्या तंतूच्या केबलचं, बरं हे, की काच तीच राहते, टोकांची यंत्रं बदलली की वेग वाढतो. आजच्या जीपॉनमध्ये (घरोघरी फायबर देण्याच्या सध्याच्या पद्धतीत) अडीच जीबीपीएस अनेक घरांत वाटले जातात; त्याच फायबरवर एक्सजीएस-पॉन ही पुढची पद्धत 10 देते. खरा खर्च खोदाईचा, आणि ती तर झालेलीच आहे.

आता शंका. घरात कॅट 6 (नेटची तांब्याची केबल) पुरेल ना? त्यावर 10 जीबीपीएस साधारण 55 मीटरपर्यंत जातं, आमचं घर एवढं लांब नाही. दुसरी गोष्ट विजांची. मिरगाच्या तोंडावर इथे फार कडकडतं, तांब्याच्या लाइनवरून येऊन एकदा मॉडेम जळलाय. काचेतून वीज वाहत नाही हे ठाऊक आहे, पण ड्रॉप केबलला (खांबापासून घरापर्यंतच्या फायबर केबलला) आधाराची लोखंडी तार असते. ती घराबाहेरच तोडायची, की बिनधातूचीच केबल मागायची? खांबावरून वरच्या वर ओढली तर माडाचं चुडत पडून तुटते, म्हणून जमिनीखालूनच न्यायची आहे. पाइप एक इंची घ्यावा की मोठा? पाणी शिरणारच, मग उतार कुठल्या बाजूला ठेवावा? आणि वळणावर कोपर चालतो, की पाइप गोलसरच वळवायला हवा?

गवंडी सोमवारी चर बुजवणार आहे. त्याआधी कुणी सांगितलं तर फार उपकार होतील. सत्तरी-डिचोलीकडे असं काम केलेला वायरमन माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.