ऑक्सिजन 99 असला तरी कॅप्नोग्राफ लागतोच

स्ट्रोकच्या पेशंटला भूल देऊन मेंदूतली गुठळी काढतात, त्यावरच्या चर्चेत 'ऑक्सिमीटर 99 दाखवतोय, मग कॅप्नोग्राफचं (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचं) एवढं कौतुक कशाला' असं कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. व्हेंटिलेटर जोरात चालला तरी तो 99 जागचा हलत नाही, पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड 28 मिमी पाऱ्यावर येतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. धमनीतला हा आकडा 1 मिमी पाऱ्याने घटला की मेंदूचा रक्तप्रवाह साधारण 3 टक्क्यांनी कमी होतो. गुठळीपलीकडचा जो भाग आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांवर कसाबसा तग धरून असतो, त्याचंच रक्त आपण तोडतो. म्हणून 35 ते 45 च्या आतच ठेवायचं. वाढू देणंही बरं नाही.

इथे कुणी काढला नाही तो मुद्दा असा, की श्वासातला आकडा म्हणजे रक्तातला आकडा नव्हे. धडधाकट माणसात तो 2 ते 5 ने कमी असतो. पण आमच्या कोल्हापुरात राधानगरी, गगनबावड्याकडून येणारे म्हातारे पेशंट, जन्मभर विडी नाहीतर चुलीचा धूर! त्यांच्या खराब फुप्फुसांमुळे फरक 10 च्याही वर जाऊ शकतो. स्क्रीनवरच्या 35 वर खूश होऊन बसलात तर धमनीत 46 असेल. बीपीसाठी आर्टेरियल लाइन (धमनीतली बारीक नळी) घातलेली असतेच, तिच्यातूनच एक एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) पाठवायचा आणि दोन आकड्यांतला फरक डोक्यात ठेवून पुढे व्हेंटिलेटर लावायचा. एबीजीसाठी गुठळी काढणं मात्र थांबवायचं नाही. आणि श्वासनलिकेत ट्यूब घालून पेशंटला दुसरीकडे हलवताना सोबतचा घाबरलेला माणूस अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) भराभरा दाबत सुटतो, तेव्हा कॅप्नोग्राफ ॲम्ब्युलन्समध्येही हवा.